तांदळाएवढा फोड

भाऊबीज उरकली, थंडीची चाहूल लागली आणि हवा कोरडी झाली की मी एक अख्खा दिवस गाडीसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी मळ्याकडं फिरकत नाही. सकाळी ऊन तिरपं असतानाच गाडी शेडमधनं बाहेर काढायची, धुवायची, पुसायची आणि मग तिच्याभोवती उकिडवं बसून, तळहात फिरवत एक फेरी मारायची. येणारेजाणारे हसतात. "काय तात्या, गाडीला कणकण हाय व्हय?" म्हणतात. मी म्हणतो, "हाय का न्हाई तेच बघतोय."

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. गावात तिला अजून फियाटच म्हणतात. दुधी रंग, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढच्या दाराला उघडणारी त्रिकोणी काच. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मुंबईत या गाड्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या, त्यांना वीस वर्षांची मर्यादा पडली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. खाजगी गाडीचं तसं नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओकडं नेऊन दाखवायची, पास झाली की पुन्हा पाच वर्षं मोकळी. आमची आजवर पास होत आलेली आहे. पण ती पास होते ती माझ्या हुशारीनं नव्हे. एकदा मी केलेल्या चुकीनं मला हे शिकवलं, आणि ती चूक मी वीस वर्षं पोटात ठेवली होती. ते आता लिहून टाकतो.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. काळी जमीन, ऊस, माळाकडं थोडी द्राक्षबाग. माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, प्राथमिक शाळेत मास्तर. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मी दहावी झालो आणि नांगर धरला. घर एकच, चूल एकच. १९९४ साली आण्णांनी ही गाडी घेतली. ट्रेनिंग कॉलेजातला त्यांचा एक जिवलग मित्र मुंबईत नोकरीला लागला होता, परळच्या चाळीत राहायचा. त्याच्या साहेबांना गाडी काढायची होती. मित्रानं पत्रात लिहिलं होतं, "साहेबांनी लेकरासारखी जपली आहे. डोळे मिटून घे. मी जामीन." आण्णांनी ते पत्र आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

गाडी आली त्या दिवशी आईनं तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आण्णांनी एकच नियम सांगितला. "ही माणसं न्यायची गाडी हाय. हिच्यात माल भरायचा न्हाई." किल्ली मात्र माझ्याकडंच असायची, कारण आण्णांना स्वतः चालवायचा धीर कधी आला नाही.

तो नियम मी पाच वर्षं पाळला.

१९९९ चा मृग होता. सुरू उसाची भरणी आलेली. भरणीला खताचा मोठा डोस द्यावा लागतो आणि पोटॅश गावात कुठं मिळत नव्हतं. सोसायटीत गाडी उतरली असं कळलं तेव्हा आमच्या बैलगाडीची धाव निघालेली, ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या रानात. आभाळ भरून आलेलं. आण्णा शाळेत. मी फियाट काढली. मागची सीट काढून ठेवली, दोन पोती तिथं तळाला, दोन डिकीत. एकेक पोतं पन्नास किलोचं. त्यातलं मागचं एक पोतं हुकानं फाटलेलं होतं. लालसर खडे तळावर सांडले. घरी येऊन मी ते हातानं गोळा केले, झाडणी फिरवली, वर पायपुसणी टाकली आणि सीट बसवली. कुणाला कळलं नाही. एकदा कळलं नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्यांदा धजतो. त्या वर्षात आणि पुढच्या वर्षात मिळून मी चार खेपा केल्या.

मला लोखंडातलं काही कळत नव्हतं असं नाही. द्राक्षाला बोर्डो मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही, ते भांडं खातं. आम्ही तर बोर्डो नीट झालं का बघायला विळ्याचं टोक त्यात बुडवतो. टोकावर तांबूस थर चढला की समजायचं, चुना कमी पडला. मोरचूद लोखंडाला भिडतं हे मी रोज बघत होतो. पण पोटॅश म्हणजे मातीत टाकायचं खत, ते पत्र्याला काय करणार, असं मी धरून चाललो. पोत्यावर म्युरेट ऑफ पोटॅश लिहिलेलं असतं. ते मिठाच्याच जातीचं असतं, हे पोतं पाठीवर वाहून कळत नाही.

२००० च्या दिवाळीत गाडी धुताना उजव्या बाजूच्या मागच्या दाराखाली, तो जो आडवा पट्टा असतो, ज्याला डेंटर लोक सिल म्हणतात, तिथं रंगाला एक फोड दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. नखानं दाबला तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतनं तपकिरी भुकटी. माझ्या पोटात गोळा आला. त्या पट्ट्याच्या आतल्या अंगालाच माझी पोती ठेवलेली होती.

त्या वेळी मी आण्णांना सांगायला हवं होतं. पायपुसणी उचलून बघायला तर हवंच होतं. त्यातलं काही केलं नाही. सांगलीहून ड्युको रंगाची छोटी डबी आणली, फोडावर बोट फिरवावं तसा ब्रश फिरवला आणि मोकळा झालो. सहा महिन्यांत त्याच जागी रुपयाएवढा फुगा. पुन्हा रंग. तिसऱ्या वेळी पत्रा बोटाखाली मऊ लागला, तेव्हा मी त्यात लांबी भरली, घासून सपाट केली आणि वरनं रंग मारला. काम असं झालं होतं की आण्णा म्हणाले, "गाडी अजून नव्यासारखी ठेवलीयस रं."

२००२ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री आईला धाप लागली. सांगलीला न्यायचं ठरलं. मी चालवायला, आण्णा पुढं, मागं आई आणि वहिनी. आईचं डोकं वहिनींच्या मांडीवर. पाऊस लागलेला. रस्त्यात एक मोठा गतिरोधक होता, तो अंधारात मला उशिरा दिसला. गाडी आदळली. वहिनींनी आईला सावरायला पाय तळाला रेटला आणि तो पाय पत्र्यातनं खाली गेला. घोट्यापर्यंत. मागनं जी किंकाळी आली ती अजून माझ्या कानात आहे. मी गाडी थांबवली. बॅटरी मारून बघितलं तर पायपुसणीला भोक, त्याखाली पत्र्याचे दाते, आणि त्याच्याखाली रस्त्यावरचं वाहतं पाणी दिसत होतं. गाडी आणखी चार हात पुढं गेली असती तर त्या पायाचं काय झालं असतं, त्याचा विचार मी कधी शेवटापर्यंत केलेला नाही.

दवाखान्यात एका खाटेवर आईला ऑक्सिजन आणि बाहेर बाकावर वहिनींच्या पायाला सात टाके. पाचव्या दिवशी आई घरी आली. वहिनींचा पाय महिन्यानं बरा झाला. त्या पायावर त्रिकोणी व्रण आहे. वहिनी कधी काही बोलल्या नाहीत. त्यांना पडलेलं भोक जुन्या गाडीचं वाटलं.

गाडी मिरजेच्या एका डेंटरकडं नेली. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आण्णा आणि मी दोघंही गेलो होतो. चाचांनी पायपुसणी उचलली, बोटाची चिमूट तळाच्या कोपऱ्यात घातली आणि काढून उन्हात धरली. चिखलात मिसळलेले दोन-तीन लालसर खडे. त्यांनी ते जिभेच्या टोकाला लावून थुंकले. मग माझ्याकडं बघितलं. आण्णांकडं नाही, माझ्याकडं. मी खाली बघितलं.

"खारं हाय," चाचा म्हणाले. "मिठानं खाल्लंय."

आण्णा लगेच म्हणाले, "मुंबईची गाडी. समुद्राचं खारं वारं लागलेलं असणार. आम्हाला फसवलं."

तेवढ्यात मी बोलायला पाहिजे होतं. चाचा माझी वाट बघत थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "जुनं हाय ते. करू आपण," आणि हातोडी उचलली. त्यांनी मला वाचवलं, पण त्यात दुसरं एक माणूस सापडलं. घरी आल्यावर आण्णांनी परळच्या मित्राला पत्र लिहिलं. "तू जामीन राहिलास म्हणून घेतली. माझ्या घरच्या बाईच्या पायावर बेतलं." मित्राचं उत्तर आलं. साहेबांनी गाडी कधी चौपाटीवरसुद्धा उभी केली नव्हती, मी लिहिलं ते खरंच होतं, वहिनींच्या पायाचं ऐकून वाईट वाटलं. आण्णांनी ते पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. २००४ ला पुतणीचं लग्न झालं. आमंत्रणाच्या यादीत ते नाव नव्हतं. यादी लिहायला मीच बसलो होतो.

गाडी दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. भरणीची कामं नव्हती, मी रोज मिरजेला जाऊन चाचांच्या हाताखाली उभा राहिलो. पैसे थोडे कमी होतील असं घरी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बसवत नव्हतं.

चाचांनी सिलचा पट्टा उघडला तेव्हा माझी लांबी अख्खी वडीसारखी हातात आली. तिच्या मागं पत्रा नव्हताच. ते म्हणाले, "लांबी पाणी पिते. गंजावर लांबी भरली की पाण्याला घर बांधून दिल्यासारखं हाय. वरनं गुळगुळीत, आत त्याचा संसार चालू." गंज आधी आतनं लागतो आणि बाहेर फोड येतो तो शेवटी, हे त्यांनी मला पत्र्याचा तुकडा हातात देऊन दाखवलं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्याला जागा पुरत नाही म्हणून तो रंगाला उचलतो. तो उचललेला रंग म्हणजे फोड.

त्या नऊ दिवसांत जे शिकलो ते असं. गंजाच्या तीन पायऱ्या. पहिली, नुसता वरवरचा: घासला की खाली पांढरा चकचकीत पत्रा लागतो. दुसरी, खड्डे पडलेला: घासला तरी काळे ठिपके उरतात, पण पत्रा अंगठ्यानं दाबला तर दबत नाही. तिसरी, आरपार: स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं की आत जातं. पहिल्या दोन पायऱ्या आपण घरी करू शकतो, शे-दोनशे रुपयांत. तिसरीला कापून नवा पत्रा जोडण्यावाचून इलाज नाही. ते वेल्डिंगचं काम जाणत्यानंच करायचं, बॅटरी सोडून, पेट्रोलची टाकी सांभाळून.

आणि बघायचं कुठं, तर जिथं पाणी थांबतं तिथं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजलेली असतात. चाकावरच्या मडगार्डची आत वळलेली कड, तिथं चिखल साठतो. काचेच्या रबराखाली. बॅटरीच्या खाली, तिथं तर ॲसिडच पडतं. डिकीत, स्टेपनीच्या खालच्या खळग्यात. आणि पायपुसणीखाली. ओली पायपुसणी म्हणजे पत्र्यावर अंथरलेली ओली गोणी. नुसतं बघून भागत नाही. हात फिरवायचा, कारण फोड डोळ्याआधी बोटाला लागतो. मुठीनं टकटक करायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, लांबी भरलेली जागा भद्द वाजते. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवायचं, लांबीवर ते धरत नाही. मी भरलेली जागा चाचांनी याच चुंबकानं एका मिनिटात काढली होती.

तेव्हापासून वर्षातनं दोनदा मी ही फेरी मारतो. एक चैत्रात, वळवाच्या आधी. दुसरी दिवाळीनंतर. गाडीत त्यानंतर खताचं एक पोतं गेलं नाही. पण गाडी जपली म्हणून ती गोष्ट फिटली असं झालं नाही. आण्णा निवृत्त झाले, त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं, आई गेली. पाहुणेरावळे आले की आण्णा फियाटची गोष्ट सांगायचे आणि शेवटी हटकून म्हणायचे, "मुंबईचं खारं वारं, दुसरं काय. आणि मित्र म्हणवणाऱ्यानं सांगितलं न्हाई." मी तेवढ्यात उठून गोठ्याकडं जायचो.

मग २०१९ चा महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावाची तर निम्मी घरं पाण्यात. पाणी गल्लीत यायच्या आत आम्ही जनावरं आणि गाडी माळावर पाहुण्यांकडं नेली. गाडीला पुराचं पाणी लागलं नाही. पण आम्ही सगळे भिजलेले, ओल्या कपड्यांनी आणि ओल्या बोचक्यांनी त्यात बसून गेलो होतो. वरनं पाऊस थांबेना, म्हणून मी गाडीवर प्लॅस्टिकचा कागद टाकून दोरीनं आवळून बांधला. बारा दिवस. वाटलं, झाकली म्हणजे राखली. पण ओली गाडी प्लॅस्टिकनं आवळली की आतली वाफ आतच राहते. काचांना आतनं दव धरलं होतं. उघडं ठेवलं असतं तर वाऱ्यानं तरी सुकली असती. तेव्हापासून गाडीवर टाकायचं ते कापड, तेही गाडी कोरडी असेल तरच.

पाणी उतरलं, घर धुण्यात दोन महिने गेले. दिवाळी झाल्यावर गाडी काढली. माझा नातू तेव्हा आठवीत. त्याला म्हटलं, तुझी बोटं बारीक आहेत, तू फिरव. डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डची कड चाचपताना तो थांबला. "आजोबा, इथं काहीतरी टोचतंय." मी बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढे तीन फोड, ओळीनं. तिरप्या उन्हात त्यांची बारीक सावली पडली होती.

आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय सापडलं?" नातू म्हणाला, "गंज." आण्णा त्याला म्हणाले, "मुंबईचं खारं वारं अजून पत्र्यात हाय बघ, बाळा. जामीन राहणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवायचा न्हाई."

ते वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी ते पोरासाठी होतं. तो माझ्याकडं बघत होता, हे खरं का, अशा नजरेनं.

मी आधी काम सुरू केलं, कारण हातात काम असलं की मला बोलता येतं. फोडाच्या भोवती दोन-दोन बोटं जास्त रंग खरवडला. गंज दिसतो त्याच्या पुढं रंगाखाली सरकलेला असतो, म्हणून चांगला पत्रा चहूबाजूंनी दिसेपर्यंत थांबायचं नाही. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. कडेच्या आतनं तारेचा ब्रश. नाकाला फडकं बांधलेलं. दोन फोडांखाली लख्ख पत्रा निघाला. तिसऱ्याखाली काळे ठिपके राहिले. अंगठ्यानं दाबला, घट्ट होता. दुसरी पायरी. मी नातवाला सांगितलं, "इथं औषध लागंल." गंजावर लावायचं फॉस्फोरिक ॲसिडचं औषध रंगाच्या दुकानात मिळतं. रबराचे हातमोजे घालून ते जुन्या ब्रशनं ठिपक्यांवर लावलं. लावलं की गंज काळपट पडतो. बाटलीवर लिहिलेला वेळ द्यायचा असतो. घाई केली तर केलेलं वाया.

तो वेळ देताना मी आण्णांजवळ जाऊन बसलो, जमिनीवर, आणि सांगितलं. १९९९ चा मृग, सोसायटी, चार पोती, फाटलेलं एक. चार खेपा. पहिला फोड, ड्युकोची डबी, लांबी. चाचांच्या हातातले खडे. सगळं. नातू ऐकत होता, त्यालाही उठवलं नाही. वहिनी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला नंतर दिसलं.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "पोती किती म्हणालास?"

"खेपेला चार."

"आणि त्यानं लिहिलं होतं की चौपाटीवरसुद्धा उभी केली न्हाई."

"व्हय."

"वीस वर्षं लागली तुला." एवढं म्हणून ते उठून आत गेले.

मी गाडीकडं परत आलो. वेळ झाला होता. पुसून घेतलं, कोरडं केलं, थिनरच्या फडक्यानं बोटांचा तेलकटपणा काढला. उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवायचा नसतो, दवानं सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. म्हणून हात थरथरत होते तरी रेडऑक्साइडचा पहिला हात त्याच दिवशी दिला. दुसरा दुसऱ्या दिवशी. नुसता रेडऑक्साइड पाणी पितो, त्यावर रंग पाहिजेच. ४०० च्या पेपरनं हलकं घासून दुधी रंगाचे तीन पातळ हात दिले. एक जाड हात दिला तर तो ओघळतो आणि आतनं ओला राहतो. मडगार्डच्या आतल्या कडेला ग्रीस ऑइलमध्ये पातळ करून ब्रशनं भरलं, टायर आणि ब्रेकला थेंबही लागू दिला नाही. दाराखालची भोकं सायकलच्या चाकाच्या तारेनं मोकळी केली. डाव्या मागच्या दारातनं अर्धा पेला पाणी आणि मूठभर गाळ निघाला. पोरगं बघतच राहिलं.

दोन दिवस आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जुनी वही आणून दिली. "डोळ्याला दिसत न्हाई. लिही." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मित्राला. लहानच पत्र होतं. गाडीचा दोष नव्हता, तुझाही नव्हता, आमच्या घरातला होता. माफ कर. आहेस का, कळव. खाली सही त्यांनी स्वतः केली, ओळ सोडून वाकडी गेली.

महिन्यानं पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर आता चाळ नाही, असा पोस्टमननं शेरा मारला होता. चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिलाय, असं मुंबईच्या एका पाहुण्यानं पुढं सांगितलं. आम्ही दोघं-तिघांना विचारून बघितलं. त्या माणसाचा पत्ता लागला नाही. आण्णांनी ते पाकीट फाडलं नाही. गाडीच्या पुढच्या खणात ठेवलंय. दर पाच वर्षांनी आरटीओत कागद काढताना ते हाताला लागतं.

पाहुण्यांना आण्णा अजून फियाटची गोष्ट सांगतात. आता शेवट बदललाय. म्हणतात, "पोटॅश होतं. आमच्याच घरचं." आणि माझ्याकडं बघत नाहीत. ते त्यांचं मोठेपण.

मडगार्डची ती जागा अजून धड आहे. दरवर्षी तिथं बोट फिरवतो. औषध, पेपर, रेडऑक्साइड, रंग मिळून त्या वेळी साडेतीनशे रुपयांच्या आत काम झालं होतं. चाचांनी २००२ साली तळ आणि सिल बदलायला जे घेतलं होतं ते तेव्हाच्या उसाच्या एका हप्त्यातनं फिटलं नव्हतं.

नातू आता गाडी चालवतो. गेल्या महिन्यात संध्याकाळी शेडमध्ये गाडी लावताना त्यानं मागचं मडगार्ड खांबाला घासलं. मी घरात होतो, मला आवाजही आला नव्हता. पोरगं आत आलं, चप्पल काढायच्या आधी म्हणालं, "आजोबा, मडगार्ड घासलं. रंग उडालाय, पत्रा दिसतोय."

मी बॅटरी घेतली. आण्णा खाटेवरनं म्हणाले, "पेपर कपाटाच्या खालच्या खणात हाय. आत्ताच घे घासून, दव पडायच्या आत."